छातीशी बांधलेली बाळं

आमच्या वॉर्डात पेट्या तीन होत्या आणि बाळं कधीच सातापेक्षा कमी नसायची. पेट्या म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या. त्यांतली एक अधूनमधून आपोआप गार पडायची. मग एका पेटीत दोन-दोन, क्वचित तीन बाळं आडवी निजवायची, आणि एकाला जंतू लागले की शेजारच्यालाही लागायचे. महिन्याला चार-पाच बाळं जायची. आम्ही नर्सा वहीत वेळ लिहायचो, हात धुवायचो आणि पुढच्या बाळाकडे वळायचो. निर्ढावलो होतो म्हणा ना.

तेव्हा वॉर्डच्या प्रमुख आमच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चालणं असं की त्या आल्या की पडदे हलायचे. त्यांच्याआधी तीन वर्षं नोकरीला लागलेल्या ताई अजून साध्या स्टाफ नर्सच होत्या. बाईंना इंजेक्शन धरायला शिकवलं तेही ताईंनीच. पण प्रमुखपदाची परीक्षा बाई पास झाल्या, ताई नाही. आम्ही पाठीमागे म्हणायचो, कानामागून आली नि तिखट झाली. ताई स्वतः मात्र तसं कधी बोलल्या नाहीत.

त्या वर्षी बाई पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि परत आल्या त्या डोक्यात एक खूळ घेऊन. निदान आम्ही त्याला खूळच म्हणत होतो. दुपारच्या चहाला त्यांनी सगळ्यांना ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली दीड किलो साखरेची पिशवी होती.

"हे बाळ," बाई म्हणाल्या. त्यांनी ते छातीशी उभं धरलं, लांब सुती पट्ट्याने पाठीमागून वेढा घेतला आणि कुशीत गाठ मारली. "डोक्याला टोपी, पायात मोजे, बाकी उघडं. आईची कातडी आणि बाळाची कातडी. मान एका बाजूला, जरा वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. आईच पेटी. वीज गेली तरी गार न पडणारी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुधा मीच.

मोठे डॉक्टर दाराला टेकून उभे होते. "बाई, आपण पुढे चाललोय की मागे? लोक मशीन मागतायत आणि आपण त्यांना चिंधी देणार?"

"मशीन मागून चार वर्षं झाली, डॉक्टर. बाळं थांबत नाहीत."

मग ताई म्हणाल्या, "हे बघ, पेटीत बाळ दगावलं तर लोक नशिबाला बोल लावतात. आईच्या छातीवर दगावलं तर बोट तुझ्याकडे दाखवतील. आणि त्या पोरीकडे. ती आयुष्यभर काय करील, याचा विचार केलायस?"

"केलाय," बाई म्हणाल्या. "पण नुसतं बघत बसायचं, हेही मला जमत नाही आता."

डॉक्टरांनी हो म्हटलं, पण हात राखून. ज्या बाळांचा श्वास स्थिर आहे, जी दूध पितात, तेवढ्यांनाच. बाईंनी भंगारातून चार मोडक्या आरामखुर्च्या शोधून काढल्या, सुताराच्या मागे लागून त्या दुरुस्त करून घेतल्या आणि खिडकीकडच्या कोपऱ्याला पडदे लावले. भिंतीवर तक्ता टांगला. दर अर्ध्या तासाला नर्सने जाऊन बाळाचा रंग, श्वास आणि मान बघायची आणि तक्त्यावर खूण करायची.

आम्ही नाकं मुरडली. एक जण तर तोंडावर म्हणाली, "बाई, आम्हाला हे पटत नाही. शंका येते."

"येऊ दे की," बाई म्हणाल्या. "शंका असेल तर जास्त वेळा बघा. कमी वेळा नका बघू."

पहिले तीन आठवडे बरे गेले. बाळं रडायची कमी, वजनं वीस-वीस, तीस-तीस ग्रॅमनी चढायची. बाई रोज सकाळी स्वतः काट्यावर बाळ ठेवायच्या आणि आकडा मोठ्याने वाचायच्या, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. आम्हाला त्याचाही राग यायचा. माणसाचं मन असंच असतं. ज्याला वेड्यात काढलं त्याचं खरं ठरू लागलं की जास्तच झोंबतं.

मग एक शिवणकाम करणारी आली. याआधी तिचे दोन गर्भ पडले होते. ही मुलगी सातव्या महिन्याच्या शेवटी झाली, दीड किलोला थोडी कमी. दहा दिवस पेटीत काढून बाहेर आली आणि बाईंनी तिला आईच्या छातीशी बांधली. त्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. खुर्चीत रेलून ती बाळाच्या टोपीला नुसतं बोट लावून बसायची. सासू रोज डबा घेऊन यायची आणि पडद्याआडून विचारायची, "अगं, सोडणारेस का तिला थोडी तरी? मला बघू दे." दोघी हसायच्या.

सहाव्या दिवशी दुपारी अडीच वाजता मी फेरीला गेले. आई डोळे मिटून होती. बाळाचा रंग राखेसारखा झाला होता.

मी ओरडले. बाई धावत आल्या, गाठ सोडली, बाळ टेबलावर घेतलं. डॉक्टर आले. पंचवीस मिनिटं सगळं केलं. बाळ परत आलं नाही. आई खुर्चीतच बसलेली, पट्टा मांडीवर पडलेला. तिने विचारलं, "झोपलीये ना ती?" तिला उत्तर द्यायला बाईच पुढे गेल्या. गुडघ्यांवर बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. सासूच्या हातातला डबा खाली पडला. तिने बाईंच्या खांद्यावर धपाधप मारायला सुरुवात केली. "तुम्ही बाहेर काढलीत तिला! काचेत बरी होती ती!" बाईंनी हात वर केला नाही. मार खाल्ला.

आता जे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, ते इथे सांगते. दीडची फेरी मी केली होती. दोनची केली नव्हती. तक्त्यावर दोनच्या चौकटीत खूण होती, पण ती मी अडीचच्या फेरीला जाताना, पडदा सरकवायच्या आधी, उभ्याउभ्या मारली होती. दोन वाजता मी औषधांच्या खोलीत होते. आम्ही तिघी होतो. टॉवेलात सलाईनची बाटली गुंडाळून मी बाईंची नक्कल करत होते, आणि बाकीच्या दोघी पोट धरून हसत होत्या.

डॉक्टर म्हणाले, अपुऱ्या दिवसांची बाळं कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात. त्या क्षणी कुणी तळव्याला टिचकी मारली तर पुन्हा घेतात. ते हे सहज बोलून गेले.

दोन दिवसांनी तक्रारीचं पत्र तयार झालं. प्रमुखांनी हट्टाने अघोरी प्रयोग केला, नर्सांचा विरोध धुडकावला, त्यात बाळ दगावलं, असं काहीबाही. पाच सह्या झाल्या. चौथी माझी. खापर फोडायला डोकं मिळालं होतं आणि ते माझं नव्हतं, एवढंच मला कळत होतं.

पत्र ताईंपुढे गेलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "मला तिचं म्हणणं पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आजही नाही. पण हे पत्र ज्यांनी लिहिलंय त्यांना बाळाचं दुःख नाही झालेलं. मी सही करणार नाही." पत्र परत देताना त्यांची नजर माझ्यावर थांबली का, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे अधीक्षक. आम्ही पाचजणी एका बाकावर, बाई समोरच्या खुर्चीत. त्या उभ्याच राहिल्या असत्या तर आमच्यापेक्षा उंच दिसल्या असत्या, पण साहेबांनी बसायला सांगितलं.

"चूक मान्य आहे?" साहेबांनी विचारलं.

"बाळ माझ्या देखरेखीखाली गेलं. जबाबदारी माझी आहे. पण पद्धत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही."

"दोन्ही एकदम कसं म्हणता येईल?"

"दोन्ही खरं आहे, साहेब, म्हणून."

"तुम्हाला खात्री आहे? एवढं होऊनही?"

बाईंनी ओठ आत ओढले. "त्या मुलीचं नेमकं काय झालं, याची मला खात्री नाही. ती आता कधीच होणार नाही. पण पाच-सहा आठवड्यांत नऊ बाळं छातीशी बांधली आणि आठ घरी गेली. पेट्यांमधल्या नऊतली किती गेली असती, ते आपण दोघंही जाणतो. आज मी हे बंद केलं तर उद्या ज्या बाळांना पेटी मिळणार नाही, त्यांचं उत्तर कोण देणार?"

साहेब भले होते की हिशेबी, ठाऊक नाही. त्यांनी दोन महिने दिले, पण एका अटीवर. एकही बाळ आईच्या छातीशी असेल तोवर बाई स्वतः वॉर्डात हजर पाहिजेत. त्या बाळाच्या चौकशीची फाईल मात्र उघडीच राहील.

बाहेर पडल्यावर मी स्वच्छ चादरींच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं. आत बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, कपाळ कपाटाला टेकवून. एका हाताने दुसरा घट्ट दाबून धरला होता. मी मागच्या पावली परत फिरले. पाच मिनिटांनी वॉर्डात त्यांचा आवाज आला, नेहमीचा खणखणीत. एका घाबरलेल्या आईला त्या सांगत होत्या, "मी आहे ना इथे. ये, बस. पट्टा मी बांधते."

ते दोन महिने बाईंनी कसे काढले ते मी पाहिलं. सकाळी सातला यायच्या, शेवटची आई खाटेवर जाईपर्यंत थांबायच्या. आम्ही नर्सांनी हात आखडता घेतला होता. सांगितलं तेवढंच करायचं, एक पाऊल जास्त टाकायचं नाही. त्यांनी अर्ध्या तासाचा पाव तास केला आणि फेऱ्या बहुतेक स्वतःच मारल्या. तक्ताही बदलला. "नुसती खूण नको," त्या म्हणाल्या. "बघितलेला रंग लिहा. गुलाबी, फिकट, निळसर. जे दिसलं ते अक्षरात." हे सांगताना त्यांनी कुणाकडेही रोखून बघितलं नाही. मी त्या दिवशी जेवले नाही.

आणि एक केलं त्यांनी. कुठलं बाळ बाहेर काढायचं हे ठरवायचं काम ताईंना दिलं. "तुम्हाला पटत नाही, म्हणून तुम्हीच ठरवा. तुम्ही नको म्हणाल ते मी काढणार नाही." ताई पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच नको म्हणाल्या. बाईंनी शब्द पाळला. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी एका बाळाला हो म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात तिघांना.

मधल्या काळात बाई त्या शिवणकामवालीच्या घरी गेल्या. तीनदा. ताईंकडून कळलं, दार उघडलंच नाही कुणी.

पहिल्या महिन्यात दोन बाळं गेली, दुसऱ्यात एक. तिन्ही पेटीतली. डॉक्टर पाहुण्यांना वॉर्ड दाखवताना "आमची पद्धत" म्हणू लागले. खुर्च्या चाराच्या आठ झाल्या. आणि त्याच सुमारास बाईंच्या बदलीचा कागद आला. चादरी-पडद्यांच्या स्टोअरमध्ये. फाईल उघडी असताना त्यांना वॉर्डात ठेवणं बरं दिसत नाही, असं वरून सांगण्यात आलं. आम्हाला वाटलं, भांडतील. बाईंनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "खुर्च्या तर राहतील ना?" मग त्या दिवसाची सगळी बाळं काट्यावर ठेवली, आकडे मोठ्याने वाचले आणि गेल्या.

आठ वर्षं त्यांनी चादरी मोजल्या. तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर ताईंना प्रमुख केलं, परीक्षा न देता. आणि ताईंनंतर मला.

ताईंच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही दोघी चाव्या मोजत बसलो होतो. ताई बाईंबद्दल सहज बोलल्या, "रविवारी तिच्याकडे गेले होते. अजून त्या मुलीचंच घेऊन बसलीये. मला म्हणते, ताई, गाठ सैल होती का हो? मान घसरली असेल का? अकरा वर्षं झाली. तिची गाठ कधी सैल नसायची गं, पण पटवू कशी?"

चाव्यांचा जुडगा माझ्या हातातून सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, मागे गॅलरी. त्या कपडे वाळत घालत होत्या. केस पांढरे, चाल मंदावलेली. "ये," म्हणाल्या, "प्रमुख झालीस म्हणे. छान." मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. सगळं एका दमात सांगितलं. दोनची फेरी, खूण, औषधांची खोली.

त्यांच्या हातात ओली चादर होती. "दोनला कुणीच गेलं नव्हतं?"

"नाही."

"काय करत होतीस?"

मला खोटं सांगता आलं असतं. "तुमची नक्कल करत होते, बाई. हसत होतो आम्ही."

त्यांनी चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली, चिमटे लावले. चार चिमटे. मग वळल्या. त्यांचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता, फाटलेला.

"माझा नवरा गेला तीन वर्षांपूर्वी. त्यालाही वाटायचं माझंच चुकलं. तोंडाने म्हणायचा, सोड आता, किती दिवस उगाळणार. पण वाटायचं त्याला. मला दिसायचं ना डोळ्यांत. जगापुढे मी ताठ उभी राहिले. घरी येऊन उशीला पट्टा बांधून बघायचे, कुठे सुटतोय का. किती वर्षं बघायचे, सांगू?"

"बाई, मला माफ—"

"ते माझ्याकडे मागू नकोस. माझ्याकडे नाहीये ते." त्या आत गेल्या. आतून म्हणाल्या, "तिला सांगितलंस?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आईला!"

शिवणकामवालीचं आता स्वतःचं दुकान होतं, रस्त्याला लागून, दोन मशिनांचं. सासू राहिली नव्हती. दुसरं मूल झालेलं नव्हतं. तिने मला ओळखलं नाही. मी ओळख सांगितली तेव्हा मशिनवरचं कापड तसंच राहिलं, सुई आत रुतलेली. मी सांगत गेले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता मारेल. मारावं असंही वाटलं.

ती म्हणाली, "मी झोपले होते."

"काय?"

"बाईंनी बजावलं होतं, झोप आली तर सांग, बाळ काढून घेते. मला आली होती. पण सोडवत नव्हतं तिला. म्हटलं, पाच मिनिटं डोळे मिटते. जाग आली ती तुमच्या ओरडण्याने." तिने कापडावरून हात फिरवला. "सासूला नाही सांगितलं, नवऱ्याला नाही सांगितलं. बाई घरी आल्या होत्या तीनदा. मी दाराच्या आत उभी होते. वाटलं, त्या विचारतील, झोपली होतीस का? मग मी काय सांगू?"

बाहेर कुणी गिऱ्हाईक माप द्यायला आलं होतं. तिने त्याला हाताने उद्या ये म्हणून सांगितलं.

"सिस्टर, तुम्ही दोनला आला असता तर ती जगली असती?"

"माहीत नाही. कदाचित."

"कदाचित," ती म्हणाली, आणि कापडात रुतलेली सुई वर घेतली. निघताना तिने मला थांबवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

मी हॉस्पिटलला लेखी जबाब दिला. दीड महिन्यांनी उत्तर आलं की सदर फाईल पूर्वीच बंद करण्यात आली आहे, सबब कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही. ज्या फाईलसाठी बाईंना आठ वर्षं चादरी मोजायला बसवलं, ती कधी बंद झाली, हे त्यांना कुणी कळवलंही नव्हतं.

ताई सांगतात, बाई एक दिवस त्या दुकानात गेल्या. दार उघडंच होतं. संध्याकाळपर्यंत बसल्या. काय बोलल्या ते ताईंनी विचारलं नाही. आता महिन्यातून एकदा जातात. माझ्याशी मात्र बोलत नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मान हलवतात, इतकंच. मला त्याची तक्रार नाही.

नव्या नर्सांच्या तुकडीला पद्धत शिकवायला यावं, म्हणून मी ताईंच्या हाती निरोप धाडला होता. उत्तर आलं, "तुझं तू सांग. पण सगळं सांग."

म्हणून दर तुकडीला मी सगळं सांगते. पट्टा कसा बांधायचा, मान कशी ठेवायची, बाई कोण होत्या, आणि दोन वाजताची ती खूण. काही मुली खाली बघतात. मागच्या तुकडीतली एक मात्र उभी राहिली आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "मग मॅडम, त्यांना वॉर्डातून काढलं आणि तुम्हाला त्यांच्या खुर्चीत बसवलं, हे कसं?"

मी तिला खाली बसायला सांगितलं नाही.